पाण्यात पाहणं

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा.
लाकडी धक्के उचलून काठावर रचलेत,
उन्हाळी माणसं कधीच मिलवॉकीला परतली,
आणि माझ्या दुकानाच्या टाकीत
हातभर लांब सकर मासे गोल फिरतायत.
गिऱ्हाईक म्हणून माझे दोन काका.

एस्किलकाका पहाटे पाचला येतो. दोन सकर घेतो.
आर्विडकाका सव्वापाचला. तोही दोनच.
मधल्या पंधरा मिनिटांत मी कॉफी करते,
आणि अळीमिळी गुपचिळी.
अकरा वर्षांपूर्वी चौदा फूट किनाऱ्यावरून,
म्हणजे खरं तर एका बर्चच्या झाडावरून, त्यांचं बिनसलं.
तेव्हापासून दोघं एकमेकांना पाण्यात पाहतात.

पण मस्की एकट्याने निघत नाही.
चार फुटी मासा, तोंडभर सुया;
एकाने रॉड सांभाळायचा, दुसऱ्याने जाळं.
म्हणून बर्फ धरेपर्यंतचे काही दिवस
बोट एकच.

यंदा तिसरी मी. एस्किलचा खांदा गेलाय, इंजिन मी धरते.

मला वाटायचं, थंडी पडली की मासा
तळाशी जाऊन निजत असेल. तसं नाही.
ऑक्टोबरात तळं एकदा कूस बदलतं:
वरचं पाणी गार, जड होऊन खाली बसतं, खालचं वर येतं,
आठवडाभर कुजका वास,
आणि मासा कुठेही असू शकतो, म्हणजे कुठेच नसतो.
मग पाणी निवळतं.
उथळातलं गवत तपकिरी होऊन आडवं पडतं.
तेव्हा शोधायचा एखादा अजून हिरवा पट्टा,
खोल पाण्याला खेटून असलेला.
नाहीतर खडकांची जीभ,
जिथे बारा फूट पाणी दोन पावलांत चाळीस फूट होतं.
त्या कड्याच्या खांद्याशी तो असतो.
अंधार पडला की सिस्को मासे
अंडी घालायला गोट्यांवर चढतात, थवेच्या थवे, बेसावध.
त्यांची वाट त्याला माहीत असते.
त्यामुळे त्याला फिरावं लागत नाही.

आर्विडकाका मला सांगतो, "पोरी, त्याला सांग,
फार आत आलोय आपण. कडा डावीकडे."
एस्किलकाका मला सांगतो, "म्हणावं, दिसतंय मला."
मी कुणालाच काही सांगत नाही.
बोट सोळा फुटांची आहे.

रॉडच्या कड्यांत बर्फ धरतो.
आर्विड एकेक कडी तोंडात घेऊन वितळवतो,
पाणी थुंकतो, पुढची कडी घेतो.
दुपार. काही नाही.
साडेतीन. काही नाही.
चारला दोरी थरथरली.
आधी सकर घाबरतो, ते बोटांना कळतं.
मग रीळ करकरलं, लांब,
थांबेचना.

आर्विडने रॉड उचलला. एस्किलने जाळं,
त्या खांद्यासकट.
मासा वर आला: गढूळ हिरवा, अंगावर उभे काळसर पट्टे,
डोळा बशीसारखा सपाट.
बोटीखालून गेला, परत आला,
आणि जाळ्यात शिरला, जणू तेच ठरलं होतं.

बाहेर काढायचा नाही. पाण्यातच राहू द्यायचा.
एस्किलने पकडीने आकडे कापले.
मग चार हात पाण्यात, मनगटापर्यंत जांभळे,
दोन जबड्याखाली, दोन शेपटीच्या देठाशी,
आणि दोन पांढरी डोकी एकाच कडेवर वाकलेली.
बोट तिकडे कलली. मी दुसऱ्या बाजूला सरकले.

"श्वास घेतोय," आर्विड म्हणाला.
"घेतोय," एस्किल म्हणाला.
मध्ये मी होते, पण ते मला सांगत नव्हते.

मासा गेला. पळून नाही,
नुसता हातांतून सरकत, खाली,
त्याच कड्याकडे.

त्या रात्री तळं गोठलं, काठापासून काठापर्यंत.
सकाळी पाचला एस्किल आला, तरीही.
सकर कशाला हवेत आता, असं मी विचारलं नाही.
सव्वापाचला दाराची घंटा वाजली तेव्हा
त्याचा कप अर्धा भरलेला होता,
आणि तो उठला नाही.