तूट

कादंबरीचं पहिलं पान फाटलेलं आहे.
नाव गेलं, लेखक गेला,
उरला वाचनालयाचा जांभळा शिक्का
आणि शंभर वर्षांपूर्वीचं एक घर,
ज्यात सगळेच फार सुंदर बोलतात.

दर गुरुवारी हुपरीहून मी पावणेसहाची एसटी धरते.
उद्यमनगरात, लेथच्या वर, पत्र्याच्या खोलीत
आम्ही सातजण.
दस्तगीर नाईकवडी वाचून दाखवतात.
चाळीस वर्षं फौंड्रीत मोल्डर,
डाव्या भुवईत लोखंडाच्या थेंबानं पाडलेली वाट.
त्यांचा आवाज नायिकेला शोभत नाही.
तरी ती जिन्यावरून उतरायला लागली
की खोलीत कुणी चहासुद्धा फुरकत नाही.

पैंजणांचा नाद आधी आला, मग ती आली.

इथं मी हसले.
काय झालं गं, त्रिशला म्हणाली.
म्हटलं, नाद असा आपोआप येत नसतो.
घुंगरू आधी दोन इवल्या वाट्या असतं.
आत खडा टाकायचा, वाट्या मिटायच्या,
सांध्यावर डाख ठेवून
फुंकणीनं ज्योत वाकवायची.
एक फुंकर जास्त झाली की घुंगरू मुकं.
मुक्याचे पैसे मिळत नाहीत.

चाचांनी चष्मा कपाळावर सरकवला.
"जोडीला किती घुंगरं?"
त्या काळची म्हणजे जड. ऐंशी तरी.
"आणि ही बया आत्तापर्यंत
जिना किती वेळा उतरली?"

तेव्हापासून आम्ही कादंबरी झाडायला लागलो.
आमच्या शेडमध्ये सांजंला झाडतो तसं:
फरशी, पाट, पदर, शेवटी तळपाय.
केराची पुडी शेठकडं जाते,
केर धुतला की चांदी निघते.
चांदी दिली किती, परत आली किती,
मधली तूट मजुरीतून.

नायक सहा महिने परगावी जातो, श्रीमंत होऊन येतो.
ते सहा महिने अडीच ओळींत.
विरहाला मात्र एकोणचाळीस पानं.
एक कारखाना सापडला, अर्ध्या वाक्यात,
धूरसुद्धा न सोडणारा.
एक बाई सापडली,
जी पाण्याचा तांब्या ठेवून जाते, पुन्हा ठेवून जाते,
आणि दोनशे पानांत तिला तहान लागत नाही.
तिला नाव आहे का, म्हणून आम्ही दोनदा मागं गेलो.

"अशानं सगळी मजा जाती बघा,"
त्रिशला एकदा चिडलीच.
"दोन जीव जुळल्यात, आणि तुम्ही वजनकाटा काढून बसलाय."
चाचा काही बोलले नाहीत.
खालचं लेथ थांबलं होतं,
त्यांनी पान उलटल्याचा आवाज सगळ्यांना आला.

शेवटच्या गुरुवारी ती मेली.
त्याआधी पैंजणं काढून तिनं चौरंगावर ठेवली
आणि ती वाजली नाहीत, असं लिहिलंय.
मी रडले. खोटं कशाला सांगू?
डोळे पुसताना बोटांना सवागीचा वास होता.
त्रिशला माझ्याकडं बघत होती, जिंकल्यासारखी.
"रड की," चाचा म्हणाले,
"रडाय कोण नको म्हणतंय."
आणि स्वतः पाणी प्यायले, दोन पेले.

रात्री पुस्तक माझ्याकडं होतं.
त्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीनं लिहिलं:
वजन अंदाजे अर्धा किलो. घुंगरं ऐंशी. डाख कुणी दिला?
लिहून झाल्यावर दिसलं,
खाली कुणीतरी आधीच लिहून ठेवलंय,
तपकिरी पडलेल्या शाईत, मोडीत.
मला मोडी येत नाही.
आकडा तेवढा लागला. आण्यांचा.

वाचनालयात बाईंनी पानं चाळली,
पुस्तकात लिहिल्याचे दहा रुपये
अनामतीतून कापले.
शाईवाल्याचेही कापले होते का,
विचारायचं तोंडावर आलं होतं.
पावती घेतली.
साडेसातची एसटी गेली होती.