इतिवृत्तात न आलेलं

नोव्हेंबरात नगरपालिकेनं रात्रनिवारा बंद केला
आणि बारा माणसं बस डेपोच्या भिंतीला जाऊन टेकली.
मी फाइल घेऊन क्वेकरांच्या दारात गेले.
उत्तर इंग्लंडातलं गिरणीगाव, गिरण्या कधीच थंडावलेल्या,
आणि यांच्याकडे एक सभागृह, लाकडी जमिनीचं,
आठवड्यातून तासभर वापरलं जाणारं.
बाकी वेळ त्यात नुसता उजेड राहायचा, भाडं न देता.

वेदी नाही, मेणबत्ती नाही, पाद्री नाही.
समोरासमोर बाकं, मधे टेबल, टेबलावर
जॅमच्या बाटलीत शेवंती.
"आधी बसू या," हेस्टरबाई म्हणाल्या.
बसलो.
मला वाटलं, दोन मिनिटं.
घड्याळानं चाळीस मोजली.
कुणाचं तरी पोट वाजलं. बाहेर गारा.
मी मनात हिशोब घालत होते: बारा माणसं, दहा गाद्या.

मग एनॉक उठले. तीस वर्षं ही जमीन
मेण लावून त्यांनीच घासलेली.
म्हणाले, विम्याचं काय? शेजारी काय म्हणतील?
आणि पुन्हा बसले.
यांच्यात हात वर करून मोजत नाहीत.
एक जण अडला तर सगळे थांबतात,
वाटेत कुणाच्या बुटाची नाडी सुटावी तसे.
इतिवृत्तात लिहिलं गेलं: "अजून स्पष्ट झालेलं नाही."
पुढची सभा तीन आठवड्यांनी.

थंडीला कुठली सभा अन् कुठलं इतिवृत्त.
सतराव्या रात्री डेपोत लायनेल गेला.
पहाटे झाडूवाल्याला वाटलं, झोपलाय.
खिशात ग्रंथालयाचं कार्ड
आणि अर्धं सोललेलं संत्रं.

दुसऱ्या सभेला मी फाइल नेली नाही.
राग नेला. तो बाकावर माझ्या शेजारी बसला,
त्यालाही कुणी हाकललं नाही.

एनॉक उठले ते बाकाला धरून.
"विमा नव्हे," म्हणाले. "मला भीती वाटते.
त्या माणसांची.
सांगायची लाज वाटली म्हणून विमा म्हणालो.
आणि तेवढ्यात एक माणूस गेला."
कुणी समजूत घातली नाही.
कुणी "जाऊ द्या" म्हणालं नाही.
वाक्य तसंच उघडं राहिलं,
जखम वाऱ्यावर ठेवतात तसं.

हेस्टरबाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं:
"आम्हांला भीती वाटते. शुक्रवारपासून दार उघडं राहील."
अशा वेळी हे लोक "मान्य" म्हणत नाहीत.
"आशा आहे," म्हणतात, एकेक जण, हलक्या आवाजात.
एनॉकही म्हणाले.
मी विचारलं, लायनेलचं नाव कुठे घालणार?
पेन थांबलं.
समासात जागा होती, तिथे मावलं.

शुक्रवारी एनॉक किल्ल्यांचा जुडगा नि घोंगडी घेऊन आले,
दाराजवळच्या बाकावर, राखणीला.
अकरा माणसं, मेणाचा वास, रेडिएटरवर वाळणारे मोजे.
मध्यरात्र उलटली तरी म्हाताऱ्याचे डोळे टक्क उघडे.
मग गेथिन, ज्याच्या मानेवर वाघ गोंदलाय,
कूस बदलून म्हणाला,
"झोपा हो आजोबा. मी जागा आहे."

सकाळी जमिनीवर एक लांब ओरखडा.
दोघं गुडघ्यांवर, मेणाचा डबा मधे.
"रेषेच्या दिशेनं," एनॉक सांगत होते, "लाकडाच्या उलट जायचं नाही."

सोमवारी नगरपालिकेत सुनावणी आहे.
बोलायला तीन मिनिटं मिळतात.
पहिलं मिनिट मी गप्प बसणार आहे.
करकरू देत त्यांच्या खुर्च्या.

देव आहे की नाही, माझं अजून ठरत नाही.
तीन आठवडे फार होते, हे मात्र ठरलंय.
आणि त्या सभेत मी तेवढं म्हणाले नव्हते.
परवा कप विसळताना तोंडातून निघालं.
नळ चालू होता,
कुणाला ऐकू गेलं नसावं.