शेऱ्याचा रकाना

शनिवारी दुपारी, खिचडीची पातेली घासून झाल्यावर,
संखजवळच्या आमच्या शाळेत केंद्रातले अकरा शिक्षक जमलो.
चौथीच्या वर्गात, बसकरपट्ट्यांवर,
मांडी घालून, पोरांसारखेच.

काम सोपं आहे, कोळेकर साहेब म्हणाले.
कुणी कुणी कुठून कुठून चढवलेल्या दोनशे चौदा चाचण्या,
मराठी, गणित, विज्ञान, इंग्रजी, चित्रकलासुद्धा.
बघा, तपासा, तारे द्या, पाचपैकी.
आणि शेवटी शेऱ्याचा रकाना आहे, तो रिकामा सोडू नका,
वर बघतात.

रेंज फक्त पाण्याच्या टाकीच्या तिसऱ्या पायरीवर.
नदाफ सर तिथं मोबाईल उंच धरून उभे,
एकेक चाचणी उतरवून घेत
पोहऱ्यानं शेंदावी तशी.

गणित. ऋण संख्या.
लिफ्ट पाचव्या मजल्यावरून सात मजले खाली आली, तर कुठे थांबली?
हाके मॅडमना हसू आवरेना. त्यांनी ही मागच्याच आठवड्यात घेतलेली.
काशिलिंग उठून उभा राहिला म्हणे,
बाई, लिफ्ट तर रोडला हात करून मागायची,
ती तळघरात कशी शिरंल?
अठरापैकी सतरा चुकले.
अठरावी सुट्टीत पुण्याला आत्याकडं राहून आलेली.

विज्ञान बरं होतं. आकृत्या स्वच्छ.
फक्त तिसऱ्या प्रश्नाची उत्तरसूची चूक,
आणि खाली आकडा: चारशे सहा शाळांनी वापरली.
म्हणजे चारशे सहा शाळांत
बरोबर लिहिलेल्या पोरांनी खोडरबर मागितला असेल.
कुणी काही बोललं नाही.
पंखा तेवढा कुरकुरला.

मग माझी पाळी. समानार्थी शब्द.
ही मीही घेतली होती, टॅबवर,
तपासणी आपोआप, हिरवं नाहीतर लाल.
पाणी म्हणजे?
बावीस जणांनी लिहिलं जल.
जल मीच फळ्यावर लिहून दिलं होतं.
सिद्धव्वानं लिहिलं नीरु.

लाल.
सूचीत नीर होतं. उकार नव्हता.

तिच्या घरी कन्नड.
टँकर वळणावर दिसला की तिची आई
नीरु बंतु, नीरु बंतु म्हणत घागर घेऊन पळते.
अख्ख्या वर्गात आपलं उत्तर
तहान लागल्यावर वापरलेली
ती एकटीच.
टॅब म्हणाला, पुन्हा प्रयत्न कर.
ती माझ्याकडं बघत बसली, मी टॅबकडं.

याला किती तारे द्यायचे?
रंग चांगले, अक्षर मोठं, शुद्धलेखन निर्दोष.
मी तीन दिले. मग दोन केले. मग परत तीन,
कारण ज्यानं केली त्यानं जेवणं आटोपल्यावर,
पोरं निजल्यावर केली असणार,
पगारात न मोजलेल्या वेळात.
रकान्यात लिहिलं: एका उकाराची सवलत असावी.
वर वाचलं तर हसतील.

नावं ठेवणं सोपंय, साहेब म्हणाले, आपण एक करून चढवू.
नदाफ सरांनी जागेवरच प्रश्न घातला:
बोर सहाशे फूट मारलं, चारशेवर ओल लागली,
मोटर साडेपाचशेवर सोडली,
तर ओलीपासून मोटर किती खाली?
वा, म्हणालो सगळे. पोरं झोपेत सोडवतील.

टाकीवर मोबाईलमधलं चाक गोल गोल फिरत राहिलं.
तेवढ्यात मला दिसली
कोकणातली कुणी बाई,
परसातल्या विहिरीला काठोकाठ पाणी,
आमचा प्रश्न वाचून आठ्या घालणारी:
सहाशे फूट? छपाईची चूक असेल.
एक तारा.

सर, थांबा जरा, मी हाक मारली.
गेलं की, ते म्हणाले, आणि पायरी उतरले.

सोमवारी सिद्धव्वाच्या वहीत नीरुपुढं
बरोबरची खूण केली,
लाल पेनानंच, दुसरं नव्हतं.
तिनं खूण बघितली,
मग टॅबच्या कपाटाकडं.