यादी

लक्ष्मीपुरीतल्या थेटरात, दुपारच्या खेळाला,
डोअरकीपर आमच्या तिकिटांवर बॅटरी मारतो:
"एफ चौदा, एफ पंधरा. आत सरका."
मी क्षणभर सरकतच नाही.
हर्षू शर्ट ओढतो, "मामा, सुरू झालं की."

पडद्यावर शहर आहे, सगळं काचेचं,
कुठलंही असेल, आपलं नक्की नाही.
मुखवटेवाला मधोमध उभा.
इकडं दवाखाना कललाय,
तिकडं बोगद्यात आगगाडी, आत पाणी शिरतंय.
आणि व्हिलन, आरामात, सोफ्यावर बसल्यागत:
"नियम म्हणजे छत्री रे.
पाऊस असतो तोवर धरायची,
पूर आला की तीच पहिली वाहून जाते."

हर्षूचं पॉपकॉर्न तोंडाशी थांबतं.
"कुणाला वाचवतोय आता?"
"दोघांनाबी," मी म्हणतो,
"अजून पाऊण तास आहे त्याच्याकडं."

त्या ऑगस्टात आमच्याकडं पाऊण तास नव्हता.
रबरी बोट, आठ माणसांची. इंजिनावर दस्तगीर.
चिखलीच्या गल्लीत विजेच्या तारा
मान वाकवून चुकवाव्या लागत होत्या,
म्हणजे पाणी केवढं ते समजा.
वर राधानगरीचे दरवाजे उघडलेले, आपले आपण.
त्यांचं बरं आहे.
पाणी अमुक रेषेला टेकलं की दार उठणार,
कुणाला विचारायला नको.
दाराला रात्री झोप लागत असणार.

तलाठी वाकरेकर मॅडमनी यादी दिलेली,
दुधाच्या पिशवीत घालून, वर रबर:
आधी बाळंतिणी, मग आजारी, मग म्हातारी,
मग घर नंबरानं.
"यादी सोडायची नाही, तळेकर.
सोडली, की ज्याचा आवाज मोठा तोच बोटीत."
खरं होतं.
अजूनही, खोटं कशाला बोलू, खरंच वाटतं.

चौदा नंबरला डायलिसिसचा माणूस होता,
त्याची बायको, दोन पोरं,
आणि शिलाई मशीन, जी मी घेऊ दिली नाही.
तेव्हा एकोणीसच्या माळवदावरून बॅटरी लागली.
तीनदा.
थांबून, तीनदा.
दस्तगीर म्हणाला, "वळवू?"
मी पिशवीतनं यादी बघितली.
एकोणीस होता यादीत. खाली होता.
"पुढच्या फेरीला," मी म्हणालो.
दस्तगीर काही बोलला नाही,
इंजिनाचा आवाज तेवढा वाढला.

पुढच्या फेरीला बॅटरी लागत नव्हती.
माळवदावर चटई, कुकरचं झाकण,
शेळीचं दावं. शेळी नाही.

दुसऱ्या बोटीनं नेलं म्हणतात.
कुणाच्या वहीत नोंद नाही.
महिन्यानं मी जाऊन आलो: दाराला कुलूप.
शेजारीण म्हणाली, पाव्हण्यांकडं गेली असतील, इचलकरंजीला.
असतील, म्हणाली.
कुठल्या पाव्हण्यांकडं, ते मी विचारलं नाही.

इकडं दवाखाना सरळ झाला, आगगाडी वर आली,
थेटरभर शिट्ट्या.
त्याच्या अंगावर पाण्याचा थेंब नाही.
"व्हिलन हरला ना मामा?"
"हरला की."
"मग तो हसत का हुता?"

चौदा नंबरचा माणूस अजून
आठवड्यातनं दोनदा सीपीआरला जातो.
दसरा चौकात दिसला की स्कूटरवरनं हात करतो,
परवा थांबवून उसाचा रस पाजला.
मीही हसलो, प्यालो, पैसे द्यायला धडपडलो.
हे हर्षूला सांगता येईल.
दुसरं कसं सांगायचं,
की मी चुकलो असं मला म्हणता येत नाही,
आणि चुकलो नाही, असंही.

दिवे अर्धे लागतात. नावं सुरू होतात,
बारीक अक्षरातली, खालून वर,
एवढी नावं, एवढी,
कुणी वाचायला थांबत नाही.
मी उठतो. चपला पायानं शोधतो.
दारातनं बॅटरी हलते: चला, संपलं, चला.
"थांब की," हर्षू हात धरतो,
"सगळ्या नावांच्या शेवटी अजून एक सीन असतोय."

मी खाली बसतो.