हातचा एक

दुभाषा मी. माझं काम एवढंच:
मार्गितबाईंचा प्रश्न नदीकाठच्या बोलीत आणायचा,
उत्तर त्यांच्या वहीपर्यंत पोचवायचं,
मध्ये काही सांडू द्यायचं नाही.

बांगू कोइरेच्या चौकीत सकाळी मोजदाद झाली.
अंधारात दिसणाऱ्या दुर्बिणी बारा, चालू तीन.
बाकीच्यांच्या बॅटऱ्या पुढच्या टप्प्यात येणार होत्या;
पुढचा टप्पा मागच्या सरकारात अडकला.
रिकाम्या खोक्यात कोंबडी अंड्यांवर बसलेली.
बाईंनी तिचाही फोटो घेतला, मग पुसला.

प्रशिक्षित जवान चाळीस.
हजर बावीस. मृत आठ.
पगार थकला म्हणून घरी गेलेले नऊ.
बाईंनी पेन्सिल टेकवली: एकोणचाळीस.
सार्जंट सेइनीने पुन्हा मोजलं, बोटांच्या पेरांवर,
मेलेल्यांपासून सुरुवात करून.
एकोणचाळीसच.

दुपारी बाजार. कांद्याच्या ढिगामागे बिबाता.
"प्रशिक्षणाचा प्रभाव जाणवला का?"
प्रभावाला मला शब्द सापडेना.
मी विचारलं, ते येऊन गेले, त्याचा माग काही उरला का?
ती हसली, गोणीचं तोंड आवळत.

"नेमबाजी सुधारली?"
"सुधारली. पूर्वी शेळ्या वाचायच्या."
हे मी जसंच्या तसं पोचवलं.
पेन्सिल थोडा वेळ हलली नाही.

"सभ्यपणे वागतात का? एक ते पाच."
बिबाता म्हणाली, पाच.
खडकाच्या वळणावर एक जण उभा असतो.
गणवेश नाही, पण बूट तेच.
सलाम करतो. मावशी म्हणतो.
बोट चापावर नसतं, चापाशेजारी सरळ,
नळी जमिनीकडे.
पोरांना सावलीत बसवतो,
मग गोण्या मोजून दहातल्या तीन काढून घेतो
आणि पावती देतो.
तिने कमरेच्या गाठीतून चिठोरं काढलं.
अक्षर सुबक. आकड्यांखाली दुहेरी रेघ.

दुहेरी रेघ मी शिकवली होती,
वर्ग सुटल्यावर, फळ्याच्या कोपऱ्यात.
ते माझ्या कामात बसत नव्हतं,
पण इद्देला हिशेब आवडायचे,
आणि तो माझ्याच आईचा धाकटा.

"एवढा वेळ काय सांगत होती?" बाईंनी विचारलं.
"पाच," मी म्हणालो.

परतताना गाडीत त्या ताळा करत बसल्या.
एक कुठे लिहू, म्हणाल्या, याला रकानाच नाही.
मी काय सांगणार?
आम्ही शाळेत असला आकडा
बेरजेच्या डोक्यावर बारीक मांडून ठेवायचो,
पुढच्या घरात मिळवायला.
विसरला तर सगळंच चुकायचं.

अंधार पडला. वळण जवळ आलं.
ड्रायव्हरने पुढचे दिवे मालवले.
मी आतला लावला,
काच खाली केली
आणि चेहरा उजेडात धरला.