आद्याक्षरं

तारेत सुपडू नव्हता.
आधी कॅप्टन. मग तीन टिंबं, म्हणजे एस.
टिंब, रेघ, टिंब, टिंब, म्हणजे एल.
मग बोरसे, आणि पुढे सरकारी खेद.
एकाहत्तरचा डिसेंबर, खिडक्यांना काळे कागद,
एरंडोलच्या तार ऑफिसात मी एकटा,
आणि माझ्याआधी माझ्या पेन्सिलीला कळलेलं.

ठगूमायची चार पोरं पाचवी पुजायच्या आत गेली.
पाचव्याला सुईणीनं सुपात घातलं,
उकिरड्यापर्यंत फरफटत नेलं,
शेजारणीनं दोन मुठी कोंड्याला विकत घेतलं
आणि पुन्हा आईच्या ओटीत टाकलं.
केराकडे मरण पाहत नाही, अशी समजूत.
नाव पडलं सुपडू.

खरंच पाहिलं नाही.
देवी आल्या, गालावर तीन वण ठेवून गेल्या.
अंजनीच्या पुरात म्हशीची शेपटी धरून तो पलीकडे निघाला.
जिनिंगमध्ये सरकीच्या ढिगात डोक्यावर पडला,
लोटनबाबांनी पाय धरून उपसला.
हसत होता. नाकातून रुई निघत होती.

चीनकडून मार खाल्ला आणि अफसरांची भरती निघाली.
फॉर्म मी भरला. माझं अक्षर बरं होतं.
नावाच्या रकान्याशी तो अडला.
'तिथं मोठ्या घरची पोरं येतील रे. सुपडू म्हटलं की...'
मी म्हणालो, पुरं नाव एकदाच, कागदाच्या पोटात.
बाहेर सगळीकडे एस. एल.
म्हसावदच्या स्टेशनावर त्याच्या ट्रंकेवर
पांढऱ्या रंगानं मीच ती काढली.
एलची शेपटी जरा लांब गेली.

पत्रांत लढाई नसायची.
'इथली माती भुरकट, कपाशी धरणार नाही.'
'माझ्या रेडिओवाल्याला कळण्याची भाकरी
समजावून सांगता सांगता दोन रात्री गेल्या.'
'उसाच्या फडात वारा आपल्या केळीसारखा वाजत नाही.'
त्याच फडात, सकाळी, सातच्या सुमाराला.
हे पुढे त्याच रेडिओवाल्यानं लिहिलं.

तार खिशात घालून गेलो तेव्हा
ठगूमाय पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होती.
भरताचे दिवस. सालं फुटून शिट्ट्या वाजत होत्या.
ब्लॅकआउट, म्हणून जाळाला सुपाचा आडोसा.
सूप कुठलं, मी विचारलं नाही.

इंग्रजीत वाचलं, मग मराठीत, मग अहिराणीत,
प्रत्येक वेळी तो थोडा जास्त मेला.
तिनं कागद ओढून घेतला, उलटा धरला.
'यामा सुपडू कोठे शे?'
मी एसवर बोट ठेवलं.
'हाई ते एकज अक्षर शे. मना पोऱ्या कोठे शे?'

वांगं जळून गेलं.
लोटनबाबा काट्यावरून घरी आले,
दारातच थांबले, चपला काढायचं विसरून.

बाराव्याला ती माझ्याकडे न बघता म्हणाली,
'नाव दपाडं, म्हनीसन सापडना.'
लपवलं, म्हणून सापडला.
पुस्तकी मराठीत त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ उलटा होतो:
सापडत नाही.
मला दोन्ही ऐकू आले.

आता चौकाला पाटी आहे, कॅप्टन एस. एल. बोरसे चौक.
रिक्षावाले ओरडतात, एसेल, एसेल, एक सीट.
तार बंद झाली, मी रिटायर झालो त्यालाही वर्षं झाली.
पाटीसमोरच्या हॉटेलात बसतो.
बोट टेबलावर आपोआप तीन टिंबं देतं,
आणि हल्ली मी तिथं थांबत नाही:
यू. पी. डी. पुन्हा यू.
सावकाश, गाळलेलं एकही अक्षर न गाळता.
पोऱ्या विचारतो,
काका, साखर कमी पडली का?