एक क जास्त

परवानगीच्या कागदावर लिहिलंय:
शनिवार, चार ते सहा.
पांढऱ्या पट्टीच्या बाहेर. माइक नाही.
वाहतुकीला अडथळा नाही.
म्हणून सांवेरच्या अलीकडे, धनखेडी फाट्यावर
आम्ही पट्टीच्या बाहेर उभे असतो,
सतरा जण, कधी नऊ,
लसूण काढणीत एकदा तर मी आणि मांगीलाल, दोघंच.

मागणं रस्त्याचंच आहे.
कार्तिकात सोरमबाईची तिरडी
या डांबरावरून मागे फिरवली
आणि पोरांनी ती नाल्यातून नेली,
मांडीभर पाणी, मडकं डोक्यावर धरून.
रस्ता सरकारी आहे. पाटीवर सगळं आहे,
किती लाख, कोणती योजना, कोणाच्या हस्ते.
मेल्यावर कोणी कुठून जायचं, ते नाही.

पुठ्ठे मी लिहिते. अक्षर बरं आहे म्हणतात,
एकतीस वर्षं डाकघरात मनिऑर्डरी लिहून वळलेलं.
पहिल्या शनिवारी लिहिलं:
सड़क पर सबका हक्क.
कैलाशचा लोकेश, नववीतला, वाचून म्हणाला,
"काकी, एक क ज़्यादा हो गया."
खरंच की. हिंदीत एका क वर भागतं.
आमच्यात दोन लागतात,
पहिला अर्धा,
दुसऱ्याच्या खांद्याला टेकलेला.
रंग वाळला होता, पुठ्ठा एकच होता.
"रहने दो," मांगीलाल म्हणाला,
"अपने को तो ज़्यादा ही चाहिए."

उज्जैनच्या बसेस जातात.
कोणी हात हलवतं, कोणी थुंकतं,
कोणी प्रसादाचा पुडा खिडकीतून टाकतं, भिकारी समजून.
ट्रकवाले हॉर्न देतात.
लोकेश वहीत मांडतो: अच्छे हॉर्न, बुरे हॉर्न.
तिसरा रकाना आहे, समझ नहीं आया.
तो सगळ्यात लांब.

सरपंचाचा पुतण्या बुलेट थांबवून विचारतो,
"आप तो मराठी पंडित लोग, काकीजी,
इनके साथ काहे को धूप में?"
मी पुठ्ठा जरा वर धरला.
उत्तर होतं, पण त्याला देण्याजोगं नव्हतं.

उत्तर असं:
नंदराम डाकिया त्या मोहल्ल्यात शिरत नसे.
बाभळीखालच्या ओट्यावर पत्रं ठेवायचा, वर दगड.
वारा असला तर दोन दगड.
मला माहीत होतं.
रोज संध्याकाळी मी रजिस्टरात लिहायचे, वितरित.
निळ्या शाईत, सुबक.
सोरमबाईच्या थोरल्याला रेल्वेचं बोलावणं आलं,
ते एका जुलैत त्याच ओट्यावर भिजलं.
ती खिडकीशी आली, ओंजळीत लगदा धरून.
"बाईजी, इसमें क्या लिखा था?"
मी म्हटलं, वाचता येत नाहीये.
ते खरं होतं.
तेवढंच खरं होतं.

आता ती नाही, आणि मी इथे उभी आहे,
गुडघ्याला पट्टा बांधून.
याने काही फिटत नाही. मला हिशेब येतो.

गेल्या आठवड्यात बांधकामवाले आले,
पट्टी नव्याने मारून गेले,
हातभर बाहेर.
आमच्या पायांखाली आता खडी आणि उतार.
मांगीलालची चप्पल सरकते,
तो टाचेखाली एक दगड सारतो,
वारा असला तर दोन, मी मनात म्हणते,
आणि माझं मलाच कसंतरी होतं.

पुठ्ठा उन्हाने वाकला होता.
लोकेश घरून नवा लिहून घेऊन आला,
रेघा आखून, लाल रंगात.
मी चष्मा लावून बघितलं. हक्क. दोन क.
"अरे, तुमच्यात एकच ना?"
"पता है," म्हणाला,
आणि वही उघडून रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.
लांबून एक टँकर येत होता,
अजून हॉर्न दिलेला नव्हता.